सरकीच्या गोदामातलं विद्यापीठ

अच्युतराव मास्तर एक आठवडा सायकलवर बसून यायचे आणि एक आठवडा सायकल हातात धरून तिच्या बाजूनं पायी चालत यायचे. सायकल बिघडलेली नसायची. चाकात हवा टंच, घंटी चकचकीत, धोतराला क्लिप लावलेली, आणि मास्तर आपले चालत. हिंगोलीच्या स्टेशनाच्या रस्त्यावर हे सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. टांगेवाले मुद्दाम टांगा हळू करून विचारायचे,

"मास्तर, हा बसायचा हप्ता का ढकलायचा?"

मास्तर थांबायचे. त्यांना प्रश्न विचारला की ते थांबायचेच, मग विचारणारा टिंगल करत असो की आणखी काही.

"ढकलायचा. बसल्यानं यंत्राचा स्वभाव कळतो, ढकलल्यानं वजन कळतं. दोन्ही कळल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही."

"आन् आमच्या घोड्यानं काय करावं?"

"त्याला एक आठवडा टांग्यात बसवून बघ. कोणाला ओढतो ते त्यालाही कळू दे."

रस्ताभर हशा. मास्तरांना मात्र यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. ते सायकल ढकलत पुढं.

लोक त्यांना येडं म्हणायचे. मी म्हणत नाही, कारण मी त्यांच्या विद्यापीठात शिकलेला माणूस आहे. माझा नातू इंजिनिअरीचं शिकून राहिला, तोही हे ऐकून हसतो. म्हणतो, "आजोबा, दुसरी पास माणसाला विद्यापीठात कोण घेतं?" त्याच्या कॉलेजात आता पोरांना काही महिने वर्ग आणि काही महिने कारखाना असं असतं, आणि ते लई नवीन निघालंय असं त्याला वाटतं. मी त्याला सांगतो, लेका, हे आम्ही निजामाच्या राज्यात करून बसलोय, सरकीच्या गोदामात.

मास्तर मूळचे वसमतचे. घरी देवळाची पूजा होती. त्यांना पूजा करायची नव्हती, म्हणून ते हैदराबादेला जाऊन इंजिनिअरी शिकले आणि चांगले पास होऊन आले. शिकायच्या सगळ्या वर्षांत हाताला तेलाचा एक डाग लागला नाही, हे ते स्वतःच सांगायचे आणि सांगताना हात कोटाच्या खिशात घालायचे. हिंगोलीत एका सेठजींची जिन होती. कापसातली सरकी वेगळी करून रुईच्या गठाणी बांधायचा कारखाना. तिथं ते इंजिनिअर म्हणून लागले. बोलायला बसले की वाफेपासून पट्ट्यापर्यंत सगळं असं सांगायचे की ऐकणाऱ्याला इंजिन डोळ्यासमोर चालताना दिसावं. पण हाताला यश नव्हतं. घड्याळाला चावी दिली की घड्याळ बंद. कंदिलाची काच पुसली की काच फुटली. इंजिनाच्या एका नळाला त्यांनी हौसेनं हात लावला आणि सगळी जिन वाफेनं भरून गेली. सेठजींनी हात जोडले. म्हणाले, "साहब, आप बोलो. जितना बोलना है उतना बोलो. हाथ मत लगाओ."

त्यातून विद्यापीठ निघालं. अमेरिकेत अशी एक शाळा आहे की तिथं पोरं काही दिवस वर्गात बसतात आणि काही दिवस कारखान्यात राबतात, असं मास्तरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आपल्यासारखा दुसरा अर्धा इंजिनिअर होऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं. सेठजींनी सरकीचं एक जुनं गोदाम दिलं, पण अट घातली. जिनातली कामं मास्तरांची पोरं करणार असतील तर करोत, पण जागा एक दिवससुद्धा रिकामी दिसली नाही पाहिजे. ज्या दिवशी सगळ्या जागा रिकाम्या, त्या दिवशी गोदामाला कुलूप. मास्तर 'हो' म्हणाले. बाहेर पाटी लावली. आत सरकीचा तेलकट वास, चार बाकं आणि एक फळा.

मी सेनगावकडच्या एका खेड्यातला. थोरल्या भावाशी बांधावरून वाजलं आणि मी रागारागात हिंगोलीला निघून आलो. इंजिनावर माणूस होऊन दाखवीन, नाहीतर तोंड दाखवणार नाही, असं सगळ्या गावासमोर बोलून आलो होतो. त्यामुळं परतीचा रस्ता मीच बंद करून ठेवलेला. मास्तर टेबलामागं बसले होते. मी उभा.

"शिक्षण?"

"दुसरी."

"तिसरीत का गेला नाहीस?"

"शाळेचं छप्पर उडालं. परत कोनी बसवलं न्हाई."

"आणि काम?"

"औत, मोट, गाडी. चालाय लागल्यापासून."

मास्तरांनी डोळे मिटून मनाशी काहीतरी तोललं. "काम फार झालंय तुझं. वर्ग अगदीच थोडा. तुला काही वर्षं नुसतं बसवलं पाहिजे, तेव्हा कुठं काटा बराबर येईल."

"मी बसाया आलो न्हाई."

"ते दिसतंच आहे. मघापासून उभा आहेस."

"इंजिनावर घेता का जाऊ?"

"जा."

मी गेलो नाही. तेही उठले नाहीत. ते माझ्याकडं बघतात, मी फळ्याकडं बघतो. मी हट्टी आहे, हे माझ्या घरच्यांना विचारा. पण मास्तरही काही कमी नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांनीच विचारलं, "जेवलास का?"

त्यांच्या प्रवेश परीक्षेचा तो शेवटचा प्रश्न होता, असं मी समजतो. कारण जेवण झाल्यावर त्यांनी मला बाकावर बसवलं.

विद्यापीठात मास्तर माणसं जोडीनं घ्यायचे. एक जागा आणि दोन माणसं. एक आठवडा पहिला इंजिनावर, दुसरा वर्गात. पुढच्या आठवड्यात उलट. मास्तर पुजाऱ्याच्या घरचे, पण नांगराला जुंपलेले बैल बघून त्यांनी जोडीला नावं दिली होती. एक डावा, एक उजवा. मी डावा. माझा उजवा करीम, पिंजाऱ्याच्या घरचा. माझ्याच वयाचा, मिसरूड फुटलेला, गादीच्या कापसासारखा हलका आणि मऊ माणूस. आमची जागा तेलवाल्याची होती. हातात तेलाची झारी घेऊन चालत्या इंजिनाभोवती फिरायचं, कुठं तापतंय, कुठं कुरकुरतंय ते बघायचं आणि तिथं तेल सोडायचं.

निजामीत सुट्टी शुक्रवारची. म्हणून आदल्या दिवशी, बेस्तरवारी दुपारी जिनाच्या लिंबाखाली जोडीतल्या दोघांनी भेटायचं. ज्याचा आठवडा संपला त्यानं दुसऱ्याला इंजिन तोंडी सोपवायचं. मास्तर त्याला हवाली म्हणायचे. ते स्वतः मध्ये दगडावर बसायचे, कान देऊन. हवालीत एक शब्द बंद होता. 'ठीक'.

"इंजिन ठीक आहे," असं कुणी म्हटलं की मास्तर त्याला परत इंजिनापाशी पाठवायचे. "जा, बघून ये. ठीक म्हणजे तू बघितलंच नाहीस. यंत्र कधी ठीक नसतं. कुठं ना कुठं त्याला काही होतच असतं."

करीमची हवाली ऐकण्यासारखी असायची. "मास्तर, कल से इंजन कुछ उदास है. सकाळी सकाळी चालूच व्हईना. मग म्या बोललो, भाई, किसकी नजर लगी? तवा जरा हललं."

"कुठल्या बाजूनं उदास?" मास्तर गंभीर होऊन विचारायचे.

"मागच्या."

आणि खरंच मागच्या बाजूचं काहीतरी सैल निघायचं. मास्तर खूष. मग माझ्याकडं वळायचे. माझी हवाली एका दमात संपायची.

"मधलं बेरिंग तापून राहिलं."

"आणखी?"

"आनखी काय? तेल घातलं."

"ते तापलं तेव्हा तुला काय वाटलं?"

"मला काय वाटायचंय मास्तर? तापलं त्ये. मी कशाला तापू?"

करीम लिंबाला टेकून हसायचा. "मास्तर, आमचा डावा मुका हाय. त्याला इंजिनात बसवा आन् इंजिनाला इथं बोलवा. ते बोलेल."

मास्तरांचा हा आठवड्याचा कायदा जिनापुरता नव्हता. ते एकटेच होते, लग्न केलेलं नव्हतं. एक आठवडा खानावळीत जेवायचे आणि एक आठवडा स्वतः रांधायचे. रांधायचा आठवडा कुणाला सांगावा लागत नव्हता. वर्गात करपल्याचा वास यायचा, सरकीच्या वासावर मात करून. पोळीबद्दल कुणी विचारलं तर मास्तर तिचं वर्णन असं करायचे की तोंडाला पाणी सुटावं. तीच पोळी हातात दिली की गडी पाणी मागायचा.

माझं लग्न ठरलं. मुलगी पैनगंगेच्या पल्याडची, वऱ्हाडातली. मुहूर्त नेमका माझ्या इंजिनाच्या आठवड्यात. मी सुट्टी मागायला गेलो, तर मास्तर वेगळ्याच पेचात पडले.

"लग्न हे कशात धरायचं? वर्गात की कामात?"

"मास्तर, लगीन हाय त्ये. दोन दिवस द्या."

"तसं नव्हे. वर्गात धरलं तर करीमनं तुझ्या जागी उभं राहायचं आणि तुझा आठवडा पुढं सरकवायचा. कामात धरलं तर तुझं काम चालूच आहे, सुट्टीचा प्रश्नच नाही."

करीम म्हणाला, "मास्तर, निकाह वर्ग हाय. काम त्याच्या बाद में सुरू होतं."

मास्तरांनी यावर दिवसभर विचार केला. संध्याकाळी म्हणाले, "करीमचं बरोबर असावं. मला यातला अनुभव नाही." लग्नाला आले ते सायकल ढकलत. नवरीला त्यांनी माझ्याबद्दल एवढंच सांगितलं, "बोलत नाही. पण याला 'आणखी' विचारत जा. कधीतरी बोलेल."

असे हंगाम चालले होते. दिवाळीनंतर जिन सुरू व्हायची, कापसाच्या गाड्यांची रांग कळमनुरीच्या रस्त्यापर्यंत जायची, भोंगा वाजायचा आणि अख्खी हिंगोली पांढऱ्या तुसानं भरायची. उन्हाळ्यात जिन बंद झाली की मास्तर आम्हाला लोहाराकडं, सुताराकडं, घाण्यावर पाठवायचे. आमच्यातल्या कुणालाच त्यांनी पदवी दिली नाही. वर्ग आणि काम ज्याचं बराबर होईल त्यालाच पदवी, आणि त्यांच्या तागडीत ते कुणाचंच बराबर व्हायचं नाही. मी जिनात मानानं कामाला होतो. गावात भावाला कळलं होतं की हा इंजिनावर आहे. मला तेवढं पुरत होतं.

मग ते वाईट साल आलं. रझाकारांची धास्ती. खेड्याखेड्यांतून माणसं बैलगाड्या भरून निजामाच्या हद्दीबाहेर, पैनगंगेच्या पल्याड जायला लागली. मी काही भिणारा माणूस नाही, पण बायकोला दिवस गेले होते. सासऱ्यांचा निरोप आला, तिला घेऊन निघा. जोड्या एक एक करून फुटत होत्या. कुणी वाशिमला गेला, कुणी गावी जाऊन बसला. शेवटी आमचीच एक जागा राहिली होती. मी गेल्यावर ती रिकामी पडली तर गोदामाला कुलूप, हे मला माहीत होतं. मास्तरांना सांगायचं कसं, हेच कळंना.

मी सांगायच्या आधी करीमच म्हणाला, "तू जा. वैनीला घिऊन जा. दोन्ही हप्ते मी करतो."

"आन् वर्ग?"

"वर्गात मास्तर हाय न्हाई का? एकटे बसतील. त्यांना बोलायला मानूस लागत न्हाई."

मास्तर बाजूलाच उभे होते. ते त्यावर हसले नाहीत. मला म्हणाले, "तुझी पाळी राखून ठेवतो. ये."

तो उरलेला हंगाम करीमनं एकट्यानं ओढला. मी पल्याड सासऱ्यांच्या शेतात राबत होतो. तिकडंच मुलगा झाला. भादव्यात फौज आली आणि निजामी गेली. आमचे लोक परत यायला लागले, आणि आता करीमच्या मोहल्ल्यातले लोक निघून जायला लागले. हे मला तिकडं कळलं. करीमचं काय झालं ते मात्र कळलं नाही. पिकं निघेपर्यंत सासऱ्यांनी सोडलं नाही. मी बायको-लेकराला घेऊन आलो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. कापसाच्या गाड्या होत्या, भोंगाही ऐकला. म्हणजे जिन सुरू होती. जिन सुरू म्हणजे तेलवाल्याच्या जागेवर कुणीतरी लागलेलं असणार. आता गावी जाऊन भावाला काय तोंड दाखवू?

फाटकात सेठजी भेटले. कपाळाला हात लावून म्हणाले, "आ गया? जा भाई, अंदर जा. तेरे साहब को बाहर निकाल. मेरा सब तेल जमीन को पिला दिया."

मी आत गेलो. इंजिनापाशी डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस झारी घेऊन वाकला होता. कोट नाही. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं आणि काळं झालेलं. वाफ फिस्कारली की तो डोळे घट्ट मिटायचा, अंग चोरायचा, आणि पुन्हा डोळे उघडून पुढच्या बेरिंगाकडं जायचा. निम्मं तेल बेरिंगात, निम्मं पायावर.

"मास्तर, मी आलो."

त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर तेलाचे ओघळ. "उशीर केलास," म्हणाले. "आज मंगळवार आहे. बेस्तरवारी लिंबाखाली ये, हवाली देतो. तोवर इथं उभा राहू नकोस, पट्टा जवळ आहे."

बेस्तरवारी गेलो. त्यांनी इंजिनाचं सगळं सांगितलं. कुठं थरथरतंय, कुठला वास येतोय, कुठल्या आवाजाची अजून भीती वाटते. मी इतक्या वर्षांत एवढं सांगितलं नव्हतं. त्यांचं संपल्यावर मी विचारलं, "करीम?"

"हैदराबादेला, बहिणीकडं. घरचे घाबरले होते. जाताना जागा माझ्या हाती देऊन गेला. परत आला की त्याची त्याला देईन. तोवर उजवा मी."

"सेठजी ऐकले कसे?"

"त्यांची अट जागा रिकामी नसावी, एवढीच होती. हात कोणाचे असावेत, हे ठरलं नव्हतं." मग म्हणाले, "शनिवारपासून तू इंजिनावर. मी वर्गात."

"कोनाला शिकवनार मास्तर? कोनीच न्हाई तिथं."

"शिकवणार कुठं? उजव्याचा वर्गाचा आठवडा आहे. मी बाकावर बसणार."

मला वाटलं चेष्टा. पण त्यांनी उभ्या जन्मात चेष्टा केली नव्हती. शनिवारी मी झारी घेऊन इंजिनाभोवती फिरताना मधल्या सुट्टीत गोदामात डोकावलो. समोर फळा. पहिल्या बाकावर मास्तर, ताठ बसलेले, हात धुऊन पुसून मांडीवर ठेवलेले.

पुढच्या आठवड्यात ते इंजिनावर आणि मी वर्गात. शिकवायला कुणी नाही. फळ्यावर त्यांनी जाताना इंजिनाचं चित्र काढून प्रत्येक भागाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं होतं. मी तिथं बसून एक एक अक्षर लावायचो. दट्ट्या. पट्टा. वाफ. चित्र ओळखीचं, म्हणून अक्षरं ओळखीची झाली. मला नीट वाचता यायला लागलं ते त्या मोकळ्या गोदामात. नातवाला हे पटत नाही, न पटो.

आमच्या विद्यापीठात आता दोन माणसं होती, आणि कायद्यानं ती कधी एका जागी येत नव्हती. एक जिनात असला की दुसरा गोदामात. मी जिनातून सुटलो की बायको-लेकराकडं जायचो, आणि मास्तर खोलीवर. बोलायला म्हणून बेस्तरवारची दुपार तेवढी.

ते माझ्या लवकर ध्यानात आलं नाही. एका बेस्तरवारी हवाली माझी होती. मी नेहमीसारखं दोन वाक्यांत उरकलं. मास्तर म्हणाले, "आणखी?" मी म्हटलं, "न्हाई." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. उठले, फडकं झटकलं, सायकलीला हात घातला, आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले. खोलीकडं जायच्या वाटेकडं बघत. त्यांचा तो रांधायचा आठवडा होता.

"मास्तर," मी म्हटलं, "लेकराला दात येऊन राहिला."

ते वळले. "वरचा की खालचा?"

"खालचा."

"ताप?"

मग मी सांगत गेलो. लेकराचा ताप, बायकोनं त्याला काय चाटवलं, सासऱ्यांचा बैल, भावाचा निरोप आला ते. तूर कशी आली. माझ्या तोंडातून एवढं कधी निघालं नव्हतं. मास्तर दगडावर बसून सगळं इंजिनासारखं ऐकत होते, मध्येच 'कुठल्या बाजूनं' विचारत. लिंबाची सावली पार फाटकाच्या भिंतीला गेली. सांगण्यासारखं माझ्यापाशी काही उरलं नाही. मास्तर पुन्हा उठले.

इंजिनाला त्या दिवशी काहीसुद्धा झालेलं नव्हतं. मी स्वतः बघून आलो होतो.

"आन् मास्तर," मी म्हटलं, "पट्ट्याचा आवाज जरा येगळाच येऊन राहिला सकाळपासून."

मास्तरांनी सायकल लिंबाला टेकवली आणि ते परत खाली बसले.